घाटापलीकडचा रासायनिक कारखाना: आधी रुग्णवाहिका की जागेवरची तयारी?

तिसरीपाळी:

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कायम आणि कंत्राटी मिळून तिन्ही पाळ्यांत साधारण शंभर माणसे कामाला असतात. आमच्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळले जाते आणि नायट्रोजन भरलेल्या टाक्या अधूनमधून रिकाम्या करून आतून साफ कराव्या लागतात. तालुक्याचे रुग्णालय जवळ आहे; पण भाजलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग असलेले रुग्णालय गाठायचे तर पावसाळ्यात, घाट आणि रस्त्याची कामे धरून, तीन तास तरी हाताशी ठेवावे लागतात. आमचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात, आणि रात्री आरोग्य केंद्रात एकच परिचारक असतो.

व्यवस्थापनाने वैद्यकीय सोयींसाठी काही रक्कम मंजूर केली असून ती सगळी नव्या रुग्णवाहिकेवर खर्च करावी, असा त्यांचा कल आहे. कायद्याकडे बोट दाखवून मला फारसे काही मागता येत नाही, कारण १९४८च्या कारखाने अधिनियमात दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी पुरेशी मानली होती आणि रुग्णोपचार कक्षाची सक्ती ५००हून अधिक कामगार असतील तेथेच होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेतही ती ५००ची मर्यादा कायम आहे. तरीही सगळा पैसा गाडीत घालावा, हे माझ्या मनाला पटत नाही. जागेवरची तयारी आधी करायची असेल तर ती नेमकी कोणती, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

कारखानाडॉक्टर:

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या रसायनांच्या यादीतच आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल अंगावर उडाले तर सुरुवातीला जखम फारशी दिसत नाही. द्रावण २० टक्क्यांहून सौम्य असेल तर वेदना सुरू व्हायला कधी कधी २४ तासही लागतात, आणि तोवर कामगार हात धुऊन घरी गेलेला असतो. फ्लोराइड मात्र कातडीतून आत उतरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकत राहते. रक्तातले कॅल्शियम घसरले की हृदयाची लय बिघडते. तीव्र आम्लाने शरीराचा अवघा अडीच टक्के पृष्ठभाग भाजूनही मृत्यू ओढवल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बोटांसह तळहात म्हणजे साधारण एक टक्का धरला, तर ही जागा किती लहान आहे ते लक्षात येईल.

यावर जे करायचे ते पहिल्या काही मिनिटांत आणि जागेवरच करावे लागते. दूषित कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवायचे आणि लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल, हातमोजे घालून, चोळत राहायचे. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटे धुणे पुरते. नसेल तर ते मिळेपर्यंत पाणी थांबवायचे नाही. वेदना थांबणे हीच उपचार लागू पडत असल्याची खूण असते, म्हणून दुखऱ्या भागात भूल देणारे इंजेक्शन देऊ नये. ती खूणच पुसली जाते. जेलची मुदत संपलेली निघाली तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनचा एक भाग पाण्यात विरघळणाऱ्या वंगण जेलीच्या तीन भागांत मिसळला की तेवढ्याच तीव्रतेचे जेल तयार होते. आम्लाची वाफ छातीत गेली असेल तर प्राणवायू आणि नेब्युलायझरमधून २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे लागते. या सगळ्याचा खर्च रुग्णवाहिकेच्या एका टायरच्या आसपास येतो.

दुसरी गोष्ट सेफ्टी शॉवर आणि आयवॉशची, म्हणजे अंगावर किंवा डोळ्यांत रसायन गेले तर लगेच धुण्याच्या सोयीची. धोक्याच्या ठिकाणापासून दहा सेकंदांत तेथे पोहोचता आले पाहिजे आणि पाणी सलग पंधरा मिनिटे मिळाले पाहिजे, हा निकष बहुतेकांना माहीत असतो. पाण्याच्या तापमानाकडे मात्र कोणी पाहत नाही. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावरून गेलेल्या लोखंडी पाइपातले पाणी दुपारी दोन वाजता इतके तापलेले असते की त्याखाली मिनिटभरही उभे राहवत नाही, आणि भाजलेला माणूस आपोआप बाजूला होतो. हे पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. पाइपाला उष्णतारोधक वेष्टन घाला, आणि एखाद्या दुपारी स्वतः शॉवर उघडून त्याखाली हात धरून पाहा.

जाता जाता एक सांगतो. महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर. हे साधे, स्वस्त औषध गावातच मिळू लागले म्हणून कोकणातल्या कितीतरी लेकरांचे प्राण वाचले. कारखान्यालाही हाच मार्ग लागू आहे, असे माझे ठाम मत आहे.

दर्यावर्दी:

मी समुद्रातल्या तेलक्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे रुग्णाला हलवण्याविषयी थोडे लिहितो.

२७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबई पाण्याखाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बॉम्बे हाय नॉर्थ या समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटावर काय घडले ते अनेकांना आठवत असेल. मात्र त्याची सुरुवात एका वैद्यकीय स्थलांतरापासून झाली, हे फार थोड्यांच्या ध्यानात आहे. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली होती. पावसाळी हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून फलाटावर घेऊन तेथे उपचार करायचे ठरले. खवळलेल्या समुद्रात फलाटाजवळ येताना जहाज वायुवाहिन्यांवर आदळले, वायू बाहेर पडून पेटला आणि सुमारे दोन तासांत तो फलाट नष्ट झाला. ३६२ जणांना वाचवण्यात आले. २२ जणांचा बळी गेला.

त्या दिवशी जहाजाचे यंत्र, वारा, क्रेन अशा अनेक गोष्टी आड आल्या, आणि दोष एकट्यादुकट्यावर टाकता येणार नाही. पण रुग्णाला हलवण्याच्या निर्णयालाही स्वतःचा धोका असतो आणि तो जखमेच्या धोक्याशी ताडून पाहावा लागतो, ही जाणीव माझ्या मनात तेव्हापासून पक्की झाली आहे. मुसळधार पावसात, दरड कोसळू शकणाऱ्या घाटातून रात्री दोन वाजता गाडी हाकणे हाही तसाच निर्णय आहे. ज्याच्याकडे जागेवर रक्त थांबवण्याची, वेदना कमी करण्याची आणि रुग्णावर लक्ष ठेवण्याची सोय आहे, त्यालाच उजाडेपर्यंत थांबायचे की लगेच निघायचे याचा विचार करता येतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला निघावेच लागते.

फलाटावर मेडिक, म्हणजे प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस असतो आणि किनाऱ्यावरचा डॉक्टर त्याच्याशी बोलायला चोवीस तास बांधलेला असतो. तुमच्या दोन दिवस येणाऱ्या डॉक्टरांशी रात्रीच्या फोनचा असाच लेखी करार करा आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. फुकटचा फोन मध्यरात्री उचलला जाईलच, याची खात्री नसते.

रात्रपाळीची सिस्टर:

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे अगदी मान्य आहे; पण जेल विकत घेतले म्हणजे ते वेळेला सापडते असे नाही. मी पूर्वी ज्या कारखान्यात होते तेथे ते आरोग्य केंद्रातल्या कपाटात कुलपात असे आणि किल्ली दिवसपाळीच्या लिपिकाकडे. जेथे आम्लाचे ड्रम उघडतात तेथेच, भिंतीवरच्या बिनकुलपाच्या पेटीत जेल ठेवा, आणि मुदतीची तारीख पेटीच्या बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा. मॉक ड्रिल सकाळी अकराला, साहेब मंडळी असताना होते. ती पहाटे तीनला घेऊन पाहा. आलेल्या कंत्राटी हेल्परला, त्याला कळेल त्या भाषेत, पेटी कोठे आहे हे विचारा.

टाकीबद्दल फार कळकळीने लिहिते. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि त्यात गुदमरल्यासारखेही वाटत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वरचा सोबती त्याला पडलेला पाहतो आणि मायेपोटी आत उडी घेतो. अशा ठिकाणी वाचवायला गेलेलेच एकामागून एक जातात. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या मास्कवर कोणीही उतरायचे नाही. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस (दोर अडकवायचे पट्टे), टाकीच्या तोंडावर तिवई आणि विंच (दोर ओढायचे यंत्र), आणि बीए सेट (स्वतःचा हवेचा साठा असलेले श्वसनयंत्र) बाजूला तयार, एवढे झाल्यावरच टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही व्हावी. वरून ओढून काढता आले तर आत जायची वेळच येत नाही. बाहेर काढल्यावर छातीवर दाब देणे मिनिटाला १०० ते १२० या गतीने लगेच सुरू करायला प्रत्येक पाळीतल्या निदान चौघांना आले पाहिजे.

रुग्णवाहिका मात्र अगदीच मागे टाकू नका. १०८ची गाडी २०१४पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो, हा मोठा आधार आहे. पण ती दुसऱ्या अपघाताला गेलेली असू शकते. शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक गाडी ठेवली तर खर्च वाटला जाईल.

तिसरीपाळी:

सर्वांचे मनापासून आभार. सामायिक गाडीचा प्रस्ताव मी औद्योगिक वसाहतीच्या बैठकीत मांडतो, आणि टाकीच्या परमिटमध्ये तिवई व विंचची अट याच महिन्यात घालतो. एक शंका उरते. डॉक्टर जागेवर नसताना परिचारकाने कॅल्शियमचे उपचार स्वतःच्या अधिकारात सुरू करावेत का?

कारखानाडॉक्टर:

जेल, प्राणवायू आणि नेब्युलायझर त्याने फोनची वाट न पाहता सुरू करावेत. मात्र त्यासाठी तुमच्या डॉक्टरांच्या सहीचा लेखी स्थायी आदेश केंद्रात लावलेला हवा, नाहीतर तो बिचारा कचरत राहील. शिरेतून किंवा कातडीखाली इंजेक्शन देण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, कारण तेव्हा हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनांचा साठा किती असतो ते याच आठवड्यात विचारून घ्या. कमी असेल तर कारखान्यातला साठा रुग्णासोबत पाठवायचा असे ठरवून ठेवा, आणि रसायनाच्या माहितीपत्रकाची प्रत त्याच खोक्यात घाला.