आफ्रिकी साहित्याचा पेपर: आधी इतिहास की कादंबऱ्या?

वाचनवेडी: एम.ए.ला आफ्रिकी साहित्याचा ऐच्छिक पेपर घेतलाय. प्रबंधिकेला ‘आफ्रिकी कादंबरी आणि वसाहतवाद’ हा विषय चालेल का? आधी इतिहास वाचू की कादंबऱ्या?

बोरू: फार पसरट. ५४ देश कोंबलेत की प्रत्येकाच्या वाट्याला दीड परिच्छेद येणार. एक देश, दोन पुस्तकं, बास. उदा. केनियाचे न्गुगी वा थिओंगो. ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७) घडते डिसेंबर १९६३च्या स्वातंत्र्याच्या तोंडावर, पण पात्रांच्या मनातली गाठ १९५२च्या आणीबाणीतली आहे. म्हणून आधी माउ माउ बंड (ब्रिटिश राजवटीविरुद्धचा सशस्त्र उठाव; तो मोडायलाच ती आणीबाणी लादली होती) आणि जमिनीचा प्रश्न, मग कादंबरी. (‘आणीबाणी’ म्हटलं की आपल्याला १९७५ आठवतं. तो गोंधळ पहिल्याच तळटीपेत मिटवा.)

शाईचाडाग: +१. भाषेचा मुद्दा मात्र सोडू नका. इंग्रजी विभागच रद्द करून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणा, असं टिपण न्गुगींनी दोन सहकाऱ्यांसह १९६८मध्ये नैरोबी विद्यापीठात मांडलं. १९७७मध्ये गिकुयू या त्यांच्या मातृभाषेतल्या नाटकानंतर अटक झाली, आणि पुढची कादंबरी त्यांनी तुरुंगात टॉयलेट पेपरवर लिहिली, तीही गिकुयूतच. ती इंग्रजीतून वाचणार असाल तर शब्दकळेवर बोलताना जपून. ते भाष्य अनुवादावरचं ठरतं, भले अनुवाद त्यांनीच केलेला असो.

वाचनवेडी: मौखिक परंपरेचं वेगळं प्रकरण करू?

बोरू: नको, ते शोभेचं होतं. मजकुरातूनच दाखवा. ‘अ ग्रेन’मधल्या मुंबीचं नाव गिकुयू लोकांच्या आदिमातेचं आहे, तिथून सुरुवात करा.