उतारशाळा, गव्हाण आणि वस्ती

मस्कतहून :

परवा रात्री व्हिडिओ कॉलवर भाच्याने विचारले, "मावशी, उतारशाळा म्हणजे कितवीपर्यंतची शाळा?" चर्चच्या नाताळच्या नाटकात त्याला एकच वाक्य आहे, "उतारशाळेत जागा नाही." वाक्य पाठ झालेय, अर्थ कळलेला नाही. प्रवासात रात्रीपुरते उतरायची जागा, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मग लॉज म्हण की."

मी मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली, इथे नर्स आहे. घरापासून लांबचा हा तिसरा नाताळ. इथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते आणि यंदा माझी रात्रपाळी आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातले, दुसऱ्या अध्यायातले सातवे वचन लहानपणापासून ऐकत आले: मरियेने बाळ येशूला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. बाळंते, गव्हाणी, उतारशाळा. घरी असताना हे शब्द कानावरून जायचे. फराळाच्या घाईत कोण लक्ष देतो? इथे एकटीने वाचताना प्रत्येक शब्दापाशी थांबायला होते.

गव्हाण आमच्याकडच्या पोराला नवी नाही. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीत उसाची मोळी टाकतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. गोठ्यातली गव्हाणही आहेच. पण उतारशाळा हा शब्द चर्चबाहेर कुणी बोलताना ऐकला आहे का? मुलांसाठी तो बदलून धर्मशाळा करावा का?

वसईहून :

ताई, आमच्याकडे बोलण्यात नाही. आम्ही नाताळात गोठा करतो. पेंढा पसरायचा, गाय-बैल मांडायचे, चोवीस तारखेच्या रात्री बाळ ठेवायचे. गोठा डोळ्यांना दिसतो म्हणून पोरांना कळतो. उतारशाळा कुणी मांडत नाही, म्हणून ती नुसता शब्द राहिली. धर्मशाळा केलेत तर निदान चित्र तरी उभे राहील.

शब्दांवरून आठवले. नाताळ हाही लांबून आलेलाच. पोर्तुगीज 'नाताल', त्यामागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची गलबते दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने येत होती, म्हणून त्या किनाऱ्याला नाताळ नाव पडले. पुढच्या मे महिन्यात ती कालिकतला पोहोचली. सणाचे नाव खलाशांनी घरापासून हजारो कोस दूर एका अनोळखी किनाऱ्याला दिले. आपल्या तोंडी तो शब्द आला आणि त्याला ळ लागला. आता तो परका वाटतो का?

पुण्याहून :

धर्मशाळा करू नका, अशी माझी विनंती. मी निवृत्त पाळक आहे, हे वचन पन्नासेक वर्षे वाचून दाखवले आहे.

आधी मराठी बघा. इथली 'शाळा' गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा यांतली, म्हणजे जागा, घर. 'उतार' हा उतरण्यातला. पाहुणा कुठे उतरला? वऱ्हाड कुठे उतरले? प्रवाशाला आपण उतारू म्हणतो. वरून खाली येणे आणि परक्या ठिकाणी मुक्कामाला टेकणे, दोन्हींना मराठीत एकच क्रियापद आहे. देव उतरला आणि त्याला उतरायला जागा मिळाली नाही, हे मराठीत एका शब्दात बसते. हे ज्याला सुचले त्याचे मला फार कौतुक वाटते. धर्मशाळा घातलीत की हे सगळे जाते.

आता मूळ ग्रीक शब्द. तो आहे 'कातालुमा'. पैसे मोजून राहायच्या खाणावळवजा जागेला लूक दुसरा शब्द वापरतो, 'पांदोखेयॉन', येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत. कातालुमा हा शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही येतो. म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असेही समजायला जागा आहे. आणि नाटकात दार आपटणारा मालक असतो ना, तो लूकमध्ये मुळीच नाही. योसेफ बेथलेहेमाला गेला तो नावनिशी लिहून द्यायला, कारण ते त्याच्या पूर्वजांचे गाव. मूळ गावी गेला आणि तिथेच खोली भरलेली निघाली. परदेशात राहणाऱ्यांनी या वचनाकडे या बाजूने बघावे.

वसईकरांच्या खलाशांना एक जोड देतो. क्रिस्तपुराणाचा कर्ता फादर स्टीफन्स इंग्लंडहून निघून १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. म्हणजे जवळजवळ चाळीस नाताळ घरापासून दूर. येशूजन्माची कथा त्याने मराठी ओव्यांत सांगितली, ती या वर्षांत.

मस्कतहून :

पाळकसाहेब, 'मूळ गावी खोली भरलेली' हे वाचून बराच वेळ बसून राहिले.

गेल्या जूनमध्ये घरी गेले होते. माझ्या खोलीत आता भाऊ-वहिनी आणि बाळ. आई पुढच्या खोलीत माझे अंथरूण घालता घालता म्हणाली, "किती दिवसांची वस्ती, बाई?" तिने मायेनेच विचारले. आमच्याकडे पाहुण्याला असेच विचारतात. पण रात्रभर मला तो शब्द टोचत राहिला. इथे मी कामापुरती, तिथे सुट्टीपुरती.

काल योहानाचा पहिला अध्याय वाचत होते. "शब्द देही झाला" यापुढे काय आहे? "त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." आईचाच शब्द! ग्रीकमध्ये तिथे तंबू ठोकण्याचा अर्थ आहे, असे आमच्या पाळकांनी एकदा सांगितले होते. आपली वस्ती तशीच. "आज वस्तीला थांबा" म्हणजे एका रात्रीपुरते, आणि मळ्यातली वस्ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची. देवाने यातली कुठली केली, हे तो शब्द सांगत नाही. मला तेच बरे वाटले. तात्पुरते राहणे कमी प्रतीचे असते असे मी उगाच धरून चालले होते.

बाळंते या शब्दाचेही सांगायचे राहिले. माझी आजी हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर जायची. बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या तिथे कोप्या, म्हणजे झोपड्या, करून राहायच्या. एका डिसेंबरात एक बाई कोपीतच बाळंत झाली. आजीने आपले जुने लुगडे फाडून त्याची बाळंती केली आणि मला बरोबर घेऊन गेली. मऊ होतील म्हणून आदल्या रात्री ती धुऊन चुलीपाशी वाळत घातली होती. धुराचा वास होता त्यांना. वचनातला तो शब्द वाचला की मला अजून तो वास येतो. आता प्रसूतिकक्षात रोज नव्या बाळांना गुंडाळते, तेव्हा हात आजीसारखाच चालतो.

आणि हो, मस्कतच्या बंदरावर पोर्तुगीजांचे दोन किल्ले आहेत, जलाली आणि मिरानी. १६५० पर्यंत पोर्तुगीज इथे होते. त्यांच्या शिपायांनीही याच किनाऱ्यावर 'नाताल' म्हटले असेल. कामावर जाताना किल्ले दिसतात. यंदा ते वेगळे दिसतील.

गावाकडे मध्यरात्रीची घंटा होईल तेव्हा इथे साडेदहा वाजलेले असतील. मी वॉर्डात असेन.

भाच्याला फोन केला. म्हटले, वाक्य आहे तसेच म्हण, शब्द बदलू नकोस. आणि ओरडून म्हणू नकोस. तू लॉजवाला नाहीस, घरातला माणूस आहेस.

"मग जागा का नाही?"

"घर पाहुण्यांनी भरलंय म्हणून."

"मग आम्ही सरकून बसू की," तो म्हणाला.