शासकीय भ्रष्टाचारापुढे नीतिमूल्यांचा कितपत निभाव लागतो?

प्रश्न : भ्रष्टाचाराचा विषय निघाला की काहीजण कठोर कायदे मागतात, तर काहीजण नीतिशिक्षण. कायदे जवळपास सर्वच देशांत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये स्वीकारलेला भ्रष्टाचारविरोधी करारही बहुतेकांनी मान्य केला आहे. तरीही लाचखोरी सुरूच आहे. अशा वेळी सदसद्विवेकावर विसंबणे शहाणपणाचे, की भाबडेपणाचे?

प्रतिसाद १ : न्यूयॉर्कमधील परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांकडून बेकायदा पार्किंगचा दंड सक्तीने वसूल करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा शिक्षेचे भय कोणालाच नसूनही नॉर्वे व स्वीडनच्या अधिकाऱ्यांच्या नावावर थकीत दंड आढळला नाही, तर जे देश अधिक भ्रष्ट गणले जातात त्यांच्या अधिकाऱ्यांनी नियम सर्रास धाब्यावर बसवले होते. म्हणजे संस्कारांचा प्रभाव खरा आहे. मात्र २००२ च्या अखेरीस थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेणे सुरू होताच हे प्रकार सुमारे ९८ टक्क्यांनी घटले.

प्रतिसाद २ : भ्रष्ट अधिकारी मूल्यहीनच असतो, हे गृहीतक मला मान्य नाही. भाच्याला नोकरी लावून देणारा किंवा पक्षातील सहकाऱ्याला कंत्राट मिळवून देणारा माणूस स्वतःच्या नजरेत कर्तव्यच पार पाडत असतो. आप्तांनी त्याला कृतघ्न म्हटले तर ते त्याला लाचेच्या आरोपापेक्षाही अधिक झोंबते. त्यामुळे ‘प्रामाणिक राहा’ या उपदेशाने (जो सर्वांना पाठच असतो) फारसे काही साधत नाही. रांगेतल्या अनोळखी अर्जदाराचाही आपल्यावर तितकाच हक्क आहे, ही जाणीव रुजवणे अवघड आहे आणि खरे काम तेच आहे.

प्रतिसाद ३ : हाँगकाँगमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र आयोगाने तपास आणि प्रतिबंध यांच्या जोडीला लोकशिक्षणाचाही विभाग ठेवला, म्हणजे तेथे कायदा की मूल्ये असा पेच मानलाच गेला नाही. परंतु १९७७ मध्ये पोलिसांनी उघड विरोध केल्यावर जुन्या बऱ्याचशा प्रकरणांवर पडदा टाकावा लागला. नैतिकदृष्ट्या ही तडजोड मला खटकते. तरीही संपूर्ण पोलीस दल आयोगाच्या विरोधात एकवटले असते, तर पुढच्या काळातील कारवाईच अशक्य झाली असती, हेही नाकारता येत नाही.