बेकारांचा घरभाडे-भत्ता : पैसा शेवटी कुणाच्या खिशात?

स्लाउकर :
ब्रिटनमध्ये नोकरी गेली की सरकार घरभाड्याला हातभार लावतं. पूर्वीचं हाउसिंग बेनिफिट, आता बहुतेकांना युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित सरकारी मदतीतून. माझ्या मते हा पैसा भाडेकरूच्या खात्यावर फक्त टेकतो आणि घरमालकाकडे जातो. फ्रान्समधल्या भत्त्यावर गॅब्रिएल फाक यांचा अभ्यास आहे : वाढीव एका युरोमागे 78 सेंट भाडेवाढीत गेले. घरं तेवढीच आणि भाडं देणाऱ्याच्या हातात पैसा जास्त, मग भाडं चढणारच. मी वर्क व्हिसावर होतो तेव्हा मला भत्ता नव्हता, चढलेलं भाडं मात्र होतं. यापेक्षा कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची स्वस्त भाड्याची घरं बांधा. 1980 च्या कायद्यानंतर ती सवलतीत विकली आणि तेवढी नवी काही उभी राहिली नाहीत.

लेस्टरची भाडेकरू :
दादा, मग भत्ता कापल्यावर भाडी उतरायला हवी होती ना? 2011 मध्ये भत्त्याची मर्यादा त्या भागातल्या मधल्या भाड्यावरून खाली, स्वस्तातली 30 टक्के घरं परवडतील एवढ्यावर आणली. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अभ्यासात त्या कपातीचा सुमारे 90 टक्के भार भाडेकरूंवरच पडलेला दिसला.
माझी नोकरी 2022 मध्ये गेली. मर्यादा 2020 पासून गोठलेली. भत्ता आणि भाडं यांत महिन्याला 140 पौंडांची तूट. मीटरमध्ये पाच-पाच पौंड भरायचे, लेकीची अंघोळ झाली की हीटर बंद. तरी घर टिकलं, तिची शाळा सुटली नाही. हा फायदा घरमालकाचा कसा म्हणू?

हॅरोची घरमालकीण :
भत्त्यात आमची एवढी चांदी असती, तर 'डीएसएस नको', म्हणजे सरकारी भत्त्यावरचे भाडेकरू नकोत, अशा जाहिराती कशाला निघाल्या असत्या? 2020 मध्ये यॉर्कच्या कोर्टाने असा सरसकट नकार बेकायदा ठरवला, ते योग्यच झालं. पण भत्ता भाड्याला पुरत नाही आणि थकबाकी होते, ही भीती खरी आहे. माझ्या फ्लॅटचे दोन महिने थकले तेव्हा कर्जाचा हप्ता मी बचतीतून भरला.

स्लाउकर :
ताई, लेस्टरचं वाचून 'फक्त टेकतो' हे शब्द मागे घेतो. कापा असं मी म्हणत नाही. पण घरांची टंचाई तशीच ठेवून भत्ता वाढवला तर वाढीचा मोठा वाटा भाड्यातच जाईल, यावर ठाम आहे.

लेस्टरची भाडेकरू :
बांधा, जरूर बांधा. पण 2024 ला मर्यादा वाढवली आणि 2025 ला पुन्हा तिथेच गोठवली. भाडी काही गोठली नाहीत. कौन्सिलचं घर मिळेपर्यंत ही तूट कुणी भरायची, ते आधी सांगा.