झोपवलेला संगणक उठलाच नाही: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल रात्री लॅपटॉपचं झाकण उघडलं. पंख्याची घरघर चालू, कडेचा दिवा चालू, स्क्रीन मात्र काळीकुट्ट. सगळ्या कळा बडवल्या, झाकण चारदा लावून उघडलं, शेवटी बटण दाबून धरलं. गेलं काही नाही, एक अर्धवट ईमेल फक्त. पण बटणावर अंगठा ठेवताना पोटात जो गोळा आला तो जुना होता.

कॉलेजात असताना मी आजीच्या आठवणी टाइप करून ठेवत होते. ती सांगायची, मी दोन बोटांनी टकटक करायची. एका दुपारी चौदा पानं झाली. तिला डुलकी लागली म्हणून मी संगणकालाही झोपवलं. संध्याकाळी आजी उठली, संगणक उठला नाही. सेव्ह केलेलं नव्हतं, फाइलचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. मी रडायच्या बेतात आणि आजी म्हणते, "त्यात काय, परत सांगते." सांगितलंही. पहिल्या खेपेला विहिरीत पडलेली मुलगी तिची मैत्रीण होती. दुसऱ्या खेपेला ती स्वतःच होती.

असो. तुमचं काय काय बुडालं?

खटपट्या
पुढच्या वेळी बटणाकडे जाण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जागं आहे, फक्त तोंड दाखवत नाहीये. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं. टुक असा आवाज येतो, स्क्रीन लुकलुकते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (म्हणजे स्क्रीनचं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फाइली जागच्या जागी राहतात. कॅप्स लॉकही ढिम्म असेल तर मात्र राम म्हणा.

होतं असं की स्लीपमध्ये फक्त रॅमला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीला, वीज मिळत राहते, बाकीचा बाडबिस्तरा बंद. उठताना प्रत्येक ड्रायव्हरने आपापलं उपकरण पुन्हा उभं करायचं असतं. त्यातला एक जरी अडला की सगळी वरात खोळंबते. बहुतेक वेळा अडणारा ग्राफिक्सचाच असतो.

मनीमाऊ
आमच्याकडे नवराही असाच उठतो. पंखा चालू, दिवा चालू, स्क्रीन काळी 😂

कोपरखळी
@मनीमाऊ कॅप्स लॉक दाबून बघितलंत का?

निवांत
माझं उलट आहे. झोपवून ठेवलेला आपोआप उठतो. रात्री दोनला खोली निळी! पहिल्या रात्री मी चादरीच्या आतून बघत होतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने सांगितलं, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पॉवरसीएफजी लास्टवेक असं दे, कोणी उठवलं ते कळेल. माउस निघाला! चकचकीत टेबल, माउसच्या पोटातला दिवा काहीतरी हलल्याचा भास करून घ्यायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'संगणकाला उठवू दे' ही टिक काढली. तेव्हापासून शांत.

ढापण्या
@निवांत केलं. पॉवरसीएफजी लास्टवेक असं देवनागरीत लिहून एंटर मारला. म्हणतो ओळखत नाही.

निवांत
अहो इंग्रजीत, आणि लास्टवेकच्या आधी तिरकी रेघ 🙏

सावळागोंधळ
बॅगेत भाजलेला लॅपटॉप कोणी अनुभवलाय का? प्रवासात झाकण लावून बॅगेत टाकला, तीन तासांनी पाठीला चटका. बाहेर काढला तर पंखा जीव तोडून फिरतोय आणि बॅटरी दोन टक्के. माझी समजूत, झाकण लावलं म्हणजे झोपला.

खटपट्या
@सावळागोंधळ बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुनी झोपच उरली नाही. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय नावाची नियमावली काढली, त्यात झोपेच्या पायऱ्या ठरल्या. एस-थ्री म्हणजे रॅम सोडून सगळं बंद. एस-फोर म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवायचं आणि वीज पूर्ण तोडायची. आताच्या मॉडर्न स्टँडबायमध्ये मात्र यंत्र फोनसारखं एक डोळा उघडा ठेवतं, मधूनच उठून मेल आणतं, अपडेट बघतं. बॅगेत हा डोळा नको तितका उघडला की तुमच्या पाठीचं असं होतं. आपल्या यंत्रात कुठली झोप आहे ते पॉवरसीएफजी ए ने कळतं (ए च्या आधी तिरकी रेघ. ढापण्या, इंग्रजीत!). बॅगेत टाकण्याआधी हायबरनेटच करा.

सावळागोंधळ
मेन्यूत हायबरनेट दिसतच नाही हो

खटपट्या
लपलेलं असतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटण काय करतं' तिथे जा. वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' ही ओळ क्लिक केल्याशिवाय टिक करता येत नाही. तिथेही नसेल तर अॅडमिन म्हणून काळी खिडकी उघडा, पॉवरसीएफजी एच ऑन द्या (एच च्या आधीही तिरकी रेघ).

उंबरठा
घाईत लिहितेय, कपडे वाळत घालायचेत. माझा प्रॉब्लेम स्लीपचा नाही पण विचारते, प्रिंटर दर सोमवारी ऑफलाइन का दाखवतो?

कोपरखळी
@उंबरठा सोमवारी आपण तरी कुठे ऑनलाइन असतो

तिरपागडा
लिनक्सवाले कुठे गेले सगळे? बरं, मीच सांगतो. उत्साहाने हायबरनेट केलं. बंद छान झाला. उठला तो कोरा करकरीत, जणू मला कधी पाहिलंच नाही. हायबरनेटची प्रत स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, जाते. माझी स्वॅप पुरेशी होती, पण उठताना ती कुठे शोधायची हे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगायचं असतं, रिझ्यूम म्हणून एक पॅरामीटर असतो. तो मी दिलाच नव्हता. म्हणजे सामान नीट बांधून ठेवलं आणि कुठे ठेवलं ते कोणालाच सांगितलं नाही!

दुसरा पराक्रम त्याहून मोठा. दोन सिस्टिम टाकलेलं यंत्र. विंडोज बंद करून लिनक्समध्ये आलो तर विंडोजच्या डिस्कवर काही लिहिताच येईना. बंद केलाय की मी! तर म्हणे बंद नाहीये, अर्धवट हायबरनेट आहे. फास्ट स्टार्टअपची करामत.

रानजाई
@तिरपागडा म्हणजे शटडाउन केलं तरी बंद होत नाही??

तिरपागडा
नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होईल. खरी सुरुवात हवी तर रीस्टार्ट. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर 'अप टाइम' बघा.

निवांत
२३ दिवस 😳 रोज रात्री बंद करतो मी!!

मनीमाऊ
४१. जिंकले.

शेवंती
मला हसाल. डेस्कटॉप स्लीपमधून उठेना. तीन तास घालवले. यूएसबी हब काढला, रॅम काढून पुसून परत बसवली, भावाला फोन करून त्याची झोप मोडली. संगणक पहिल्या मिनिटापासून जागा होता. मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर जाऊन बसला होता, ज्या केबलच्या टोकाला काहीच नाही. मॉनिटरचं बटण एकदा दाबलं आणि माझं अर्धं लिहिलेलं पत्र समोर. कर्सर लुकलुकत होता, अगदी "कुठे होतात?" असा.

भाऊ अजून प्रत्येक फोनवर विचारतो, इनपुट कुठलाय?

उंबरठा
@शेवंती भाऊ प्रिंटरचं बघतो का?

शेवंती
😂 नंबर नाही देणार

ढापण्या
रानजाई, काल माझी स्क्रीन काळी झाली. कॅप्स लॉकचा दिवा लागला. ते चार बटणांचं करायला दोन हात आणि नाक लागलं, पण टुक झालं आणि आली! खटपट्या, दंडवत.

एक विचारू का, त्या विहिरीतून आजीला काढलं कोणी?

रानजाई
दोन्ही खेपेला रहाटाचा दोर सोडला इतकं आठवतंय. कोणी सोडला ते दुसऱ्या वेळी टाइप केलंय. ती फाइल जुन्या डेस्कटॉपवर आहे, माळ्यावर. रविवारी काढून बघते चालू होतो का.

खटपट्या
चालू झाला तर काम होईपर्यंत झोपवू नका.