सिम्युलेटर पुरे म्हणे, रणगाडा हवाच कशाला?

डोंबिवलीचा गनर
काल एका विद्वानाने लिहिलं की सिम्युलेटर इतके सुधारलेत, गनर तयार करायला आता रणगाडा लागतच नाही, डिझेल नि गोळे वाचतात. साहेब, मी टी-७२ रणगाड्यावर गनर होतो, तोफ डागणारा. नगरला सिम्युलेटरवर दहात नऊ नेम बसायचे. मग के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या गोळीबार मैदानावर, पहिला खरा गोळा. १२५ मिमीची तोफ मागे आली, काडतुसाचं तापलेलं बूड मागच्या झडपेतून उडालं, आत जळक्या दारूचा वास कोंडला. कमांडर हेडसेटमध्ये दोनदा ओरडला, मला ऐकूच आलं नाही. हे तुमच्या पडद्यावर कुठे दिसतं?

पवईकर
विद्वान हजर आहे. ‘लागतच नाही’ लिहिलं ते जरा जास्त झालं. पण कोंकूर्स घ्या. मागे सुटणाऱ्या तारेतून दिशा घेणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, चार किलोमीटरला वीसेक सेकंद फुली लक्ष्यावर धरायची. एकेका जवानाला अशी किती डागायला देणार? सिम्युलेटरवर शंभरदा चुकू दे, हात कधी हलला तेही कळतं. १९३४ साली अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवेत डाक नेताना मेले, तेव्हा कुठे एडविन लिंकच्या १९२९ च्या खोक्याची, म्हणजे वैमानिकांच्या सिम्युलेटरची, आठवण झाली. माणसं मेल्याशिवाय अक्कल येतच नाही का?

अर्धं तिकीट
अक्कल म्हणताय तर कुर्ल्याचं बोला! डिसेंबर २०२४, बेस्टची बस गर्दीत घुसली. इलेक्ट्रिक बसचं ट्रेनिंग पुरेसं होतं का, हे अपघातानंतर विचारलं. माझा भाऊ एका कंत्राटदाराकडे आहे. दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि बस ताब्यात. त्याला कोण देणार सिम्युलेटर?

गोडबोले नाही
दिला तरी काय? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसले होते मी एकदा. डोळ्यांना रस्ता पळताना दिसतो, कानातला तोल म्हणतो बाई तू खुर्चीतच आहेस. चौथ्या मिनिटाला वडापाव बाहेर.

अर्धं तिकीट
ताई, तुमचा वडापाव गेला, इथे लोकांचे जीव गेले.

गोडबोले नाही
मग मी काय बस चालवत होते? उगाच अंगावर येऊ नका.

डोंबिवलीचा गनर
अहो, धागा रणगाड्याचा आहे! बस खाली उतरवा. पवईकर, कोंकूर्सचं मान्य, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी खरं एकही डागलं नाही. पण एक करा, सिम्युलेटरच्या खोलीचा एसी बंद करा आणि मे महिन्यात चार तास बसवा पोरांना.

पवईकर
बसवू. पण एसी पोरांसाठी नसतो हो, कॉम्प्युटरसाठी असतो.