कॅमेरा रात्रीच रिस्टार्ट होतोय म्हणजे गडबड वायरची

दादा, तुमचा बेड्याजवळचा (वाडीच्या फाटकाजवळचा) कॅमेरा दिवसा व्यवस्थित आणि काळोख पडला की चालू-बंद चालू-बंद, यात कॅमेरा बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. रात्री आयआर एलईडी (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात असलेले इन्फ्रारेड दिवे) पेटतात, करंट एकदम वाढतो आणि तुमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तर घरात पडवीत, म्हणजे ६० मीटर बारीक वायर. अर्धा स्क्वेअर एमएमची तांब्याची धरली तरी जाऊन-येऊन ४ ओहम रेझिस्टन्स, रात्री १ अँपिअर ओढला की ४ व्होल्ट वाटेतच गायब, मग तो बिचारा चालणार कसा? आणि ती स्वस्तातली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर अजूनच आनंद.

माझं मत, सरळ पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेरा घ्या. एकाच लॅन केबलमधून चित्रही येतं आणि ४८ व्होल्टच्या आसपास सप्लायही जातो, १०० मीटरपर्यंत टेन्शन नाही, केबल मात्र शुद्ध तांब्याची आणि बाहेरच्या वापराची. पीओई स्विच (या केबलला सप्लाय देणारा नेटवर्कचा डबा) आणि राउटर इन्व्हर्टरवर टाका, पावसात आपल्याकडे लाईट कधी जाते सांगायला नको.

वरती कोणीतरी ९४० नॅनोमीटरचे एलईडी घ्या म्हटलंय, ते लाल दिसत नाहीत हे खरं पण उजेड ८५० पेक्षा कमी लांब जातो, आगराच्या (नारळ-सुपारीच्या बागेच्या) टोकापर्यंत बघायचं तर ८५०च बरे. फक्त उजेडाला किडे, किड्यांमागे कोळी, आणि काचेपुढे जाळं झालं की रात्री सगळं पांढरंफटक. आयआर दिवा वेगळा, कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट लांब लावला तर हा त्रास बराच कमी होतो.

हो, जॉइंटला सिलिकॉन ग्रीस लावाच, खाऱ्या वाऱ्यात पिना हिरव्या पडतात.